मौजे मजकूर आणि दोन जीबी

#धागा. मालवणच्या एका जुन्या घरातील मोडी कागद, दोन जीबी मेमरीचा एक थकलेला लॅपटॉप, आणि जागा पुरेनाशी झाली की माणूस व यंत्र कोणकोणत्या युक्त्या करतात, त्याची ही हकिकत. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

मे महिन्याचा उत्तरार्ध. मालवणच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत आगोटीची घाई असते. पाऊस लागला की दर्या खवळतो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी कायद्यानेच बंद राहते, आणि चार महिन्यांची बेगमी घराघरांत डब्यांत, मडक्यांत, माळ्यावर बसवावी लागते. खळ्यात बांगडे आणि बोंबील सुकत पडलेले असतात. टोपलीभर ओली मासळी सुकली की परातीत मावते. जागा थोडी आणि गरज मोठी असली की काय करावे, हे या किनाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

अशाच एका खळ्यालगतच्या पडवीत घरातील थोरली नात फणसाच्या लाकडाची पेटी उघडून बसली होती. पेटीत कापडात बांधलेले मोडी कागदांचे रुमाल होते. माडांच्या बागेचा खंड, कोणाला दिलेले कर्ज, कोणाच्या कुंपणावरून झालेला तंटा, असले किरकोळ कागद. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना ओळभरही जागा मिळणार नाही. पण घराची वाटणी ठरली होती, आणि वडीलधाऱ्यांनी न्यायाला धरून कागदांचेही तीन वाटे करायचे ठरवले होते. एक वाटा मालवणात राहणार, एक मुंबईला जाणार, एक बेळगावला. तिच्या हाती पंधरवडा होता. तेवढ्यात प्रत्येक कागदाचे छायाचित्र काढायचे, आणि शक्य तितके वाचून ठेवायचे.

मोडी ती एका छोट्या वर्गात शिकली होती. घरात दुसऱ्या कोणाला ती येत नव्हती. "तुका ह्यां वाचूक येता?" असे आजीने दोनदा विचारले, आणि दुसऱ्यांदा होकार आल्यावर पेटीची किल्ली तिच्याकडे दिली.

अडले ते लॅपटॉपपाशी. तो कोणा नातेवाइकाने टाकून दिलेला होता. मेमरी २ जीबी, आत जुनी फिरती हार्ड डिस्क. फोनवर काढलेले १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र डिस्कवर चारपाच एमबीच जागा घेते; पण ते पाहण्यासाठी उघडले की प्रत्येक ठिपका मेमरीत सुटा मांडावा लागतो. आडवे ४,००० आणि उभे ३,००० ठिपके, दर ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे ३ कोटी ६० लाख बाइट. असे चार कागद शेजारी लावायचे, बाजूला ब्राउझरमध्ये मोडी अक्षरांचा तक्ता आणि शब्दकोश उघडा ठेवायचा, एवढ्यात यंत्र थबके. पडद्यावरची खूण गोठे. आतून डिस्क कुरकुरत राही. आजी खळ्यातून म्हणे, "झोप इली काय ह्याका?"

झोप नव्हे, यंत्र त्या वेळी धावपळ करीत असे. १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठातील अ‍ॅटलस संगणकाने एक सोय जगाला दिली. मुख्य मेमरी भरली की तिच्यातील सध्या न लागणारा भाग संथ पण मोठ्या साठवणीत नेऊन ठेवायचा आणि लागेल तेव्हा परत आणायचा. कार्यक्रमाला वाटते की मेमरी अफाट आहे. पुढे जवळजवळ प्रत्येक कार्यप्रणालीने ही सोय उचलली, आणि आज तिला स्वॅप म्हणतात. मेमरीचे ४,०९६ बाइटांचे तुकडे पाडतात; त्या तुकड्याला 'पान' असेच नाव आहे. अडचण एवढीच, की साठवण मेमरीच्या मानाने फार दूर असते. मेमरीतील बाइट हाती यायला एक सेकंद लागतो असे धरले, तर फिरत्या डिस्कवरील पान मिळायला सुमारे एक लाख सेकंद लागतील. एक लाख सेकंद म्हणजे साधारण अठ्ठावीस तास. चमचाभर मीठ कमी पडले म्हणून मालवणाहून मुंबईस जाऊन यावे, तसे. हे दर मिनिटाला शेकडो वेळा करावे लागले, तर कोणतेही यंत्र गोठल्यासारखेच दिसेल.

मग दुसरा मार्ग कोणता? पान दूर पाठवण्याऐवजी तिथेच, मेमरीतच, दाबून लहान करावे. हेच मेमरीचे संकोचन. ते प्रोसेसरने सॉफ्टवेअरच्या हुकमावरून करावे की त्यासाठी वेगळी चिप घालावी, हा वाद तीस वर्षांहून जुना आहे. त्याकडे वळण्याआधी संकोचन मुळात जमते कसे, ते त्या पेटीतल्या कागदांकडूनच समजून घेता येते.

जुना मराठी कारकून बोरू हाती घेई तेव्हा त्याच्यापुढे दोन चणचणी असत: कागदाची आणि वेळेची. म्हणून शिरोरेषा आधीच ओढून घेऊन तो तिच्याखाली हात न उचलता अक्षरांची लपेट घेत जाई. 'राजश्री' न लिहिता 'रा.' लिही. चांद्र तारखेआधी 'चंद्र' न लिहिता 'छ' काढी. आणि मुख्य म्हणजे एकदा सांगितलेले दुसऱ्यांदा सांगत नसे. गावाचे नाव पहिल्या ओळीत आले की पुढे सगळीकडे 'मौजे मजकूर'. माणसाचे नाव पदव्यांसह एकदा आले की पुढे 'मशारनिल्हे'. वर वर्णिलेली बाग खाली 'सदरहू बाग' होई. हिशेबात तीच बाब पुन्हा आली की 'कित्ता'. या प्रत्येक शब्दाचा अर्थ एकच: मागे जा, तिथे लिहिले आहे.

१९७७ साली अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह या इस्रायली संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. पुढल्या वर्षी दुसरा आला. पहिल्या निबंधातील युक्ती थोडक्यात अशी: मजकूर वाचत पुढे जा, आत्ता समोर असलेली अक्षरांची माळ आधी येऊन गेली असेल तर ती पुन्हा लिहू नका, फक्त लिहा 'इतकी पावले मागे जा, इतकी अक्षरे उचला'. झिप फायली, पीएनजी चित्रे, आणि मेमरी दाबण्यासाठी आज वापरल्या जाणाऱ्या एलझेडओ, एलझेड४, झेडस्टँडर्ड या पद्धती, सगळ्या याच कुळातल्या. नावांतील 'एलझेड' ही त्या दोघांची आद्याक्षरे. त्यांना मोडी ठाऊक होती असे नव्हे, आणि पेशव्यांच्या दफ्तरात संगणकशास्त्र होते असेही कोणी ओरडू नये. चणचण सारखी असली की युक्त्याही सारख्या सुचतात, इतकेच.

एक फरक मात्र ठळकपणे सांगायला हवा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. 'दिन' आणि 'दीन' एकाच तऱ्हेने लिहिले जातात. वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचे. म्हणजे या लिपीत काही माहिती कायमची गळते आणि ती भरून काढण्याचे काम वाचकाच्या शहाणपणावर सोडलेले असते. सुक्या बांगड्याचेही तसेच. पाण्यात भिजवला, किसमूर केली, चव अप्रतिम. पण तो पुन्हा ताजा होत नाही. फोनमधील जेपीईजी छायाचित्र याच जातीचे: डोळ्याला जाणवणार नाही असे बेताने गाळलेले. मेमरीच्या संकोचनाला ही मुभा नाही. तिथे एक बिट जरी बदलला तरी हिशेब चुकेल, कार्यक्रम कोसळेल. तिथला बांगडा भिजवल्यावर पुन्हा पोहला पाहिजे.

तिच्या लॅपटॉपवर दाबण्याजोगे काय होते? पुष्कळच. मेमरीतील कितीतरी पाने निव्वळ शून्यांनी भरलेली असतात. बाकीच्या पानांत लहान आकडे आणि मेमरीतलेच पत्ते असतात. एका वाडीतल्या घरांचे टपालाचे पत्ते पाहा: जिल्हा तोच, तालुका तोच, गाव तेच, बदलतो तो घरक्रमांक. मेमरीतील पत्त्यांचे वरचे अंक असेच सारखे असतात. पॉल विल्सन आणि स्कॉट कॅप्लन यांनी नव्वदीच्या दशकात नेमके हेच हेरून डब्ल्यूकेडीएम नावाची पद्धत बसवली. ती फक्त नुकत्याच भेटलेल्या सोळा शब्दांची आठवण ठेवते आणि नवा शब्द त्यांतल्या एखाद्यासारखा असला की तेवढा फरकच लिहिते. २०१३ साली अ‍ॅपलने मॅकच्या मॅव्हरिक्स आवृत्तीत मेमरी दाबायला सुरुवात केली तेव्हा तिथे हीच पद्धत होती.

आणि देवनागरी! तिचे प्रकरण स्वतंत्रपणे सांगण्याजोगे आहे. १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला एक बाइट लागे. 'मालवण' हे म, काना, ल, व, ण मिळून पाच बाइटांत बसे. युनिकोड आले, जगातील सर्व लिपी एका छपराखाली आल्या, आणि इंटरनेटवर यूटीएफ-८ रूढ झाले. त्यात रोमन अक्षराला एक बाइट, देवनागरी चिन्हाला तीन. रोमन लिपीतले मालवण सहा बाइटांचे, आपले पंधरा बाइटांचे. आता ते पंधरा बाइट अंकांत पाहा: २२४ १६४ १७४, २२४ १६४ १९०, २२४ १६४ १७८, २२४ १६४ १८१, २२४ १६४ १६३. दर वेळी '२२४ १६४'. जणू प्रत्येक अक्षर आपले नाव सांगण्याआधी 'मुक्काम देवनागरी' असे सांगून घेते. (काही चिन्हांत १६४ च्या जागी १६५ येतो, बाकी रीत तीच.) पंधरांतील दहा बाइट म्हणजे निव्वळ पुनरुक्ती. मराठी मजकूर मेमरीत फार जागा खातो ही तक्रार खरी आहे. पण तोच मजकूर दाबला की फार आक्रसतो, हेही तितकेच खरे. संकोचनाचा फायदा इंग्रजीपेक्षा आपल्याला अधिक.

देवनागरीचा विषय निघाला म्हणून थोडे आडवाटेने जाऊ. हार्डवेअर की सॉफ्टवेअर, हा प्रश्न मराठीने एकदा आपल्या घरात पाहिलेला आहे. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांच्या पुढाकाराने 'जिस्ट' तंत्र आकाराला आले आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. त्या काळच्या डॉस संगणकाला देवनागरी रंगवणे झेपत नसे. म्हणून संगणकात जिस्ट कार्ड नावाची एक वेगळी पट्टी बसवीत. लिपीची सारी मेहनत ती पट्टी करी, आणि मूळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या कार्यक्रमांतून मराठी दिसू लागे. दहा-बारा वर्षांत प्रोसेसर इतके वेगवान झाले, विंडोजसारख्या कार्यप्रणालींनी लिपीचे काम इतके आपल्याकडे घेतले, की कार्डाची गरज उरली नाही. पट्टीने केलेले काम सॉफ्टवेअरमध्ये विरघळून गेले.

१९६८ मध्येच टी. एच. मायर आणि आयव्हन सदरलँड यांनी संगणकाच्या पडद्याबाबत हे हेरून ठेवले होते. काम मुख्य प्रोसेसरला जड होते, म्हणून त्याला वेगळे हार्डवेअर देतात. ते हार्डवेअर वाढत वाढत स्वतःच प्रोसेसर होऊन बसते. मग वाटते, हे सगळे मुख्य प्रोसेसरवरच करावे की. त्यांनी त्याला पुनर्जन्माचे चक्र म्हटले. नाव आपल्याला परके वाटू नये.

मेमरीचे संकोचनही त्या चक्रात सापडले. १९९३ साली फ्रेड डग्लिस यांनी स्प्राइट या प्रायोगिक कार्यप्रणालीत सॉफ्टवेअरने मेमरी दाबून पाहिली. निष्कर्ष संमिश्र होता: काही कामे वेगवान झाली, काही उलट मंदावली, कारण तेव्हाच्या प्रोसेसरला दाबण्या-उलगडण्यातच दम लागे. १९९४ मध्ये मॅकसाठी रॅम डब्लर आला आणि लोकांनी तो हौसेने घेतला. मेमरी तेव्हा महाग होती. डबीतल्या एका फ्लॉपीने ती दुप्पट होणार असेल तर कोणाला नको?

या हौसेचा गैरफायदा घेणारेही निघाले. १९९५ मध्ये विंडोजसाठी सॉफ्टरॅम-९५ नावाचे उत्पादन बाजारात आले आणि धडाक्याने खपले. जाणकारांनी ते उलगडून पाहिले, तेव्हा कळले की ते विंडोज-९५ वर मेमरीचे संकोचन करीतच नाही. पडद्यावर आकडा मात्र वाढलेला दाखवी. १९९६ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने त्यावर कारवाई केली. मुलीच्या वडिलांच्या फोनवर आजही एक 'रॅम बूस्टर' आहे. तो रोज सकाळी फिरते चक्र दाखवतो आणि काहीतरी मोकळे केल्याचे सांगतो. वडिलांना त्याने समाधान मिळते. नव्या फोनच्या खोक्यावर 'आठ अधिक आठ' असे छापतात, त्यातील दुसरे आठ हेही बहुधा साठवणीतून उसने घेतलेले स्वॅपच असते. इतिहासाच्या वाचकाने बखर आणि अस्सल कागद यांत जो फरक करायचा, तोच इथेही करावा.

मग हार्डवेअरची पाळी आली. २००० साली आयबीएमने एमएक्सटी हे तंत्र जाहीर केले, आणि त्याची रचना खरोखर देखणी होती. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामध्ये एक चिप बसवलेली. मेमरीत जाणारा प्रत्येक एक किलोबाइटचा तुकडा ती दाबून ठेवी, येताना उलगडून देई. प्रोसेसरला पत्ताही नसे. उलगडण्यात जाणारा वेळ लपवण्यासाठी मध्ये ३२ एमबीची वेगवान मेमरी. विकत घेतलेली मेमरी सर्वसाधारणपणे दुप्पट भासे, आणि प्रोसेसरचे श्रम शून्य.

खोट कुठे होती? एका साध्या प्रश्नात: या यंत्रात मेमरी आहे किती? ते आता कोणालाच नक्की सांगता येत नव्हते, कारण ते आत काय ठेवले आहे यावर अवलंबून. मडक्यात सुकी मासळी भरायची ठरवून शंभर माणसांची बेगमी कबूल करावी, आणि ऐन वेळी कोणीतरी ओले मासे आणून ओतावेत, तसे. आधीच दाबलेली छायाचित्रे किंवा कूटबद्ध माहिती आली की ती आणखी दबत नाही, आणि कागदावर मोकळी असलेली मेमरी प्रत्यक्षात संपते. म्हणून जिला कळणारही नाही असे म्हटले होते, त्या कार्यप्रणालीलाच शेवटी या चिपवर नजर ठेवावी लागली. तिच्यासाठी खास सॉफ्टवेअर लिहावे लागले. हार्डवेअरचे कौतुक सांगणाऱ्यांनी ही गोष्ट हळू आवाजात सांगितलेली आढळते. त्यात २००१ मध्ये मेमरीचे भाव कोसळले, आणि दुप्पट मेमरीचे आकर्षण ओसरले. एमएक्सटी पुढे रुजले नाही.

पण चक्र फिरायचे थांबले नाही. आयबीएमनेच २०१० च्या पॉवर-७ प्रोसेसरवर हे काम सॉफ्टवेअरने केले, आणि २०१२ च्या पॉवर-७ प्लसमध्ये त्यासाठी चिपवर खास विभाग दिला. या खेपेला कोणते पान दाबायचे हे कार्यप्रणाली ठरवी आणि अंगमेहनत हार्डवेअर करी. दिवाणजीने काय जपायचे ते ठरवावे आणि गड्याने ओझे उचलावे, ही वाटणी अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल. चिप वेगवान खरी, पण तिची पद्धत सिलिकॉनमध्ये कोरलेली. उद्या चांगली युक्ती सापडली तरी ती बदलत नाही. शिवाय कोणते पान पुन्हा लवकर लागणार आणि कोणते नाही, याची जाण तिला नसते. सॉफ्टवेअर प्रोसेसरचा वेळ आणि थोडी बॅटरी खाते, पण पान पाहून निर्णय घेते: सतत लागणारे उघडे ठेवते, निजलेले तेवढे दाबते.

सामान्य माणसाच्या हाती आले ते सॉफ्टवेअरच. नितीन गुप्ता या विकासकाने लिनक्ससाठी 'कॉम्पकॅश' लिहिले. थोडी मेमरी असलेल्या यंत्रांना त्याचा मोठा आधार होता. त्याचेच पुढे झेडरॅम झाले. कार्यप्रणालीला वाटते की ही एक स्वॅपची डिस्क आहे. प्रत्यक्षात ती मेमरीतच असते आणि तिच्यात गेलेले प्रत्येक पान दाबून ठेवले जाते. कित्येक वर्षे ते लिनक्सच्या उमेदवारी विभागात होते. २०१४ मध्ये ३.१४ या आवृत्तीत मुख्य प्रवाहात आले. त्याआधी २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ ने ५१२ एमबीच्या स्वस्त फोनांसाठी त्याचा आधार घेतला होता. विंडोज-१० ने २०१५ मध्ये स्वतःची तशी सोय केली, आणि २०२० च्या फेडोरा ३३ मध्ये झेडरॅम आपोआप सुरू असू लागले. मालवणच्या बंदरजेटीवर लिलावाचे भाव पाहणाऱ्याच्या हातातील स्वस्त अँड्रॉइड फोन एकापेक्षा अधिक कामे सांभाळतो, त्यामागे बहुधा हेच यंत्र असते.

मुलीने हे सगळे दोन रात्री वाचले. तिसऱ्या दिवशी लॅपटॉपवर लिनक्स चढवले आणि झेडरॅम सुरू केले. चमत्कार झाला नाही, आणि तसे सांगणेही योग्य नव्हे. उघडलेली छायाचित्रे फारशी दबत नाहीत. जुन्या कागदाचा पोत आणि कॅमेऱ्याची कणकण यांत पुनरुक्ती थोडी. पण ब्राउझरमधील निजलेली पाने, शब्दकोश, मराठी टिपणे यांची चांगली घडी बसली, आणि छायाचित्रांना पाय पसरायला जागा झाली. उलगडायला दर पानाला काही मायक्रोसेकंद लागत. डिस्कच्या खेपेपेक्षा हजारो पट कमी. कुरकुर थांबली. रोज दहा-बारा कागद होत, ते चाळीसवर गेले.

याच वाचनात तिला एक बारीक गोष्ट भेटली, आणि तिने पेटीकडे पाहण्याची तिची रीतच बदलली. झेडरॅम प्रत्येक पान स्वतंत्रपणे दाबते. चार हजार शहाण्णव बाइटांच्या आतच 'मागे जा' म्हणता येते. शेजारच्या पानात डोकावता येत नाही. डोकावता आले असते तर आणखी जागा वाचली असती. पण मग एक पान उलगडायला दुसरे लागले असते, त्याला तिसरे. थोडी जागा मुद्दाम गमावून प्रत्येक पान स्वयंपूर्ण ठेवले आहे.

पेटीतील कागद तसे नव्हते. कारकुनाने ते एका रुमालात, एका घरात, एका क्रमाने राहतील असे धरून लिहिले होते. पहिल्या बंदात गावाचे नाव, पुढल्या सात बंदांत 'मौजे मजकूर'. एका बंदात मूळपुरुषाचे नाव, पुढे सगळीकडे 'मशारनिल्हे'. न्यायाने तीन सारखे वाटे झाले की मुंबईला गेलेल्या कागदांत मजकूर कोणते ते कळणार नव्हते, बेळगावच्या कागदांत मशारनिल्हे कोण ते कळणार नव्हते, आणि मालवणात नावे राहणार होती, पण त्या नावांनी काय केले ते नव्हे.

तिने हे आजीला सांगितले. आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली की वाटणी काही आता मोडत नाही. पण कोणता कागद कोणामागून येतो ते तरी लिहून ठेव.

म्हणून शेवटचे चार दिवस छायाचित्रांऐवजी क्रम लावण्यात गेले. रुमालांच्या गाठी सुटल्यावर कागद कोणीतरी कधीतरी मागेपुढे केले होते. शाईचा रंग, हाताचे वळण, कसरीने पाडलेल्या भोकांची जुळणी, या आधारांवर ती एकेक बंद लावत गेली. भोके फार उपयोगी पडली. एकावर एक ठेवलेल्या कागदांना ती सारख्या जागी असतात. प्रत्येक बंदाच्या पाठीवर कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घातला, आणि ज्या बंदाला ज्याची गरज त्याचा क्रमांक खाली बारीक अक्षरांत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईचे काका आले त्या सकाळी एक बंद हाती उरला. त्याची सुरुवातच 'सदरहू बाग' अशी होती, आणि ज्यात ती बाग वर्णिलेली असेल तो बंद पेटीत नव्हता. तिने रुमालाचे कापड झटकले, पेटीचा तळ चाचपला, माळ्यावर चढून पाहिले. बाहेर पावसाचे पहिले थेंब पडू लागले होते आणि आजी खळ्यातले बोंबील घाईने आत घेत होती. तिने हातातील बंदाच्या पाठीवर २३ लिहिले. यादीत २२ पुढची जागा मोकळी ठेवली.